पदव्युत्तर शिक्षणानंतर अणुअभियांत्रिकीत प्रवेश : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एम.ई., एम.टेक., एम.एस्सी. किंवा पीएच.डी. झालेले अथवा होऊ घातलेले विद्यार्थी, आणि बऱ्याचदा त्यांचे पालक, जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते येथे एकत्र केले आहेत. भरतीचे तपशील वर्षागणिक थोडेफार बदलतात. त्यामुळे अर्ज भरताना त्या वर्षीची मूळ जाहिरात समोर ठेवावी. शिकवणीवर्गांच्या पत्रकांवर विसंबू नये.

१. अणुअभियंता होण्यासाठी अणुअभियांत्रिकीचीच पदवी लागते का?

लागत नाही. भारतातल्या अणुऊर्जा क्षेत्रात काम करणारे बहुसंख्य अभियंते मेकॅनिकल, केमिकल, इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, इन्स्ट्रुमेंटेशन, सिव्हिल, धातुशास्त्र किंवा संगणक या शाखांतून आलेले असतात. अणुभट्टीचे शास्त्र त्यांना रुजू होण्याआधीच्या प्रशिक्षणात शिकवले जाते. गेट परीक्षेतही अणुअभियांत्रिकीचा स्वतंत्र पेपर नाही, यावरून काय ते समजावे. आयआयटी कानपूर, आयआयटी मुंबई अशा काही ठिकाणी या विषयात एम.टेक. करता येते आणि ते शिक्षण चांगलेच आहे. पण नोकरीचे दार त्या पदवीने आपोआप उघडत नाही. आपल्याकडे अणुअभियंता घडतो तो विद्यापीठात कमी आणि प्रशिक्षणशाळेत जास्त. पुढची बहुतेक उत्तरे या एका वस्तुस्थितीतून निघतात.

२. बीएआरसीचे ट्रेनिंग स्कूल म्हणजे नेमके काय?

भाभा अणुसंशोधन केंद्राची प्रशिक्षणशाळा १९५७ साली सुरू झाली. आशियातली पहिली अणुभट्टी ‘अप्सरा’ ट्रॉम्बेला कार्यान्वित होऊन तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते. हे शास्त्र शिकवणारे विद्यापीठ देशात नव्हते, म्हणून डॉ. होमी भाभा यांनी माणसे घरातच घडवायची व्यवस्था केली. आज या शाळेत येण्याचे दोन मार्ग आहेत. ओसीईएस हा एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम आहे आणि तो मुंबईबरोबरच कल्पक्कम, इंदूर व हैदराबाद येथील शाळांतही चालतो. डीजीएफएस या दुसऱ्या मार्गात निवड झालेला उमेदवार केंद्राच्या अणुऊर्जा विभागाच्या खर्चाने आयआयटीसारख्या संस्थेत एम.टेक. करतो आणि मग रुजू होतो.

प्रशिक्षणाच्या काळात विद्यावेतन मिळते. परीक्षांची मालिका मात्र वर्षभर चालते आणि किमान गुण मिळवले तरच ‘सायंटिफिक ऑफिसर – सी’ या गट अ मधील पदावर नियुक्ती होते. चांगले गुण असतील तर होमी भाभा राष्ट्रीय संस्थेची पदव्युत्तर पदविका मिळते आणि पुढे एक वर्षाचा प्रकल्प करून तिचे एम.टेक.मध्ये रूपांतर करता येते. ही संस्था २००५ पासून अभिमत विद्यापीठ आहे.

३. माझे एम.टेक. आधीच झाले आहे. मला वरच्या पदावर घेतील का?

सर्वसाधारणपणे नाही, आणि हे लवकर कळलेले बरे. ओसीईएसची अभियांत्रिकीची पात्रता बी.ई. किंवा बी.टेक.वर (पाच वर्षांच्या एकात्मिक एम.टेक.सह) ठरते आणि त्यात किमान ६० टक्के गुण लागतात. एम.टेक. झालेला उमेदवार त्याच रांगेत, त्याच पदासाठी उभा राहतो. डीजीएफएस तर एम.टेक.ला नव्याने प्रवेश घेणाऱ्यांसाठी असल्यामुळे पदवी हाती असलेल्याला तिचा उपयोग उरत नाही.

मग दोन वर्षे वाया गेली का? तसे नाही. मुलाखतीत एम.टेक.चा प्रबंध हा उमेदवाराच्या हातातला सर्वांत भक्कम मुद्दा ठरू शकतो (प्रश्न ७ पाहावा), आणि रुजू झाल्यावर कोणत्या विभागात काम मिळेल यावरही त्याचा परिणाम होतो. शिवाय अणुऊर्जा विभागात वैज्ञानिकांच्या बढत्या रिक्त जागांवर अवलंबून नसतात. गुणवत्तेच्या मूल्यमापनावर होतात. सुरुवात एका पायरीवरून झाली, तरी पुढचा वेग प्रत्येकाचा वेगळा असतो.

४. वयोमर्यादा किती आहे? एम.टेक.नंतर किती संधी उरतात?

ओसीईएससाठी खुल्या प्रवर्गात २६ वर्षे, इतर मागासवर्गीयांसाठी २९ आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ३१ अशी मर्यादा चालत आली आहे आणि वय सहसा त्या वर्षीच्या १ ऑगस्टला मोजले जाते. अणुवीजकेंद्रे चालवणाऱ्या एनपीसीआयएल या सरकारी कंपनीच्या एक्झिक्युटिव्ह ट्रेनी भरतीतही खुल्या प्रवर्गाची मर्यादा २६ हीच असते.

आता हिशेब मांडू. अठराव्या वर्षी बारावी, बाविसाव्या वर्षी बी.ई., गेटसाठी एक वर्ष घरी, मग दोन वर्षांचे एम.टेक. म्हणजे पंचवीस पूर्ण. हातात एक संधी, फार तर दोन. म्हणून ज्यांना या क्षेत्रात यायचेच आहे त्यांनी बी.ई.च्या शेवटच्या वर्षापासून अर्ज करायला सुरुवात करावी आणि एम.टेक. चालू असतानाही दरवर्षी अर्ज भरावा. ‘आधी एम.टेक. पूर्ण होऊ दे, मग बघू’ असे म्हणणाऱ्यांचे सर्वाधिक नुकसान होते ते इथेच, आणि तसा सल्ला देणारे बहुधा प्राध्यापक असतात.

५. बीएआरसी आणि एनपीसीआयएल यांत फरक काय? मी कोठे अर्ज करावा?

दोन्हीकडे करावा. बीएआरसी ही संशोधन संस्था आहे. तेथे इंधन, पदार्थविज्ञान, सुरक्षा विश्लेषण, संशोधन अणुभट्ट्या, वापरलेल्या इंधनाची पुनर्प्रक्रिया, किरणोत्सारी समस्थानिके अशी कामे चालतात. एनपीसीआयएल ही १९८७ साली स्थापन झालेली सरकारी कंपनी वीजकेंद्रे बांधते आणि चालवते. तिची अभियंत्यांची भरती गेटच्या गुणांवर आणि मुलाखतीवर होते, आणि प्रशिक्षण तिच्या स्वतःच्या केंद्रांत दिले जाते. प्रयोगशाळेत रमणाऱ्याला पहिली जागा मानवते. यंत्रांच्या आवाजात आणि शिफ्टच्या शिस्तीत ज्याला काम करायला आवडते त्याला दुसरी. कल्पक्कमच्या ५०० मेगावॉटच्या फास्ट ब्रीडर (वापरते त्याहून अधिक इंधन तयार करणाऱ्या) अणुभट्टीसाठी ‘भाविनी’ ही वेगळी कंपनी आहे आणि नियमनाचे काम एईआरबी या अणुसुरक्षेच्या सरकारी नियामक संस्थेकडे आहे. ही चारही नावे एकमेकांत मिसळू नयेत. मुलाखतीत हा घोटाळा करणारे उमेदवार दरवर्षी सापडतात.

६. वीजकेंद्रात नव्या अभियंत्याला प्रत्यक्ष काय करावे लागते?

पहिल्या काही वर्षांत त्याच्या हातात फार थोडे ‘अणुविज्ञान’ असते. असतात ते पाइप, झडपा, पंप, केबल, रिले आणि जाडजूड कार्यपद्धतींच्या पुस्तिका. प्रणालीचा आराखडा घेऊन ती प्रत्यक्ष जागेवर पायाने शोधायची, प्रत्येक झडपेचा क्रमांक पडताळायचा आणि नंतर वरिष्ठांपुढे तोंडी परीक्षा द्यायची, असा क्रम असतो. संचालन विभागात गेलेला अभियंता आधी फील्डवर, मग सिम्युलेटरवर आणि नंतर नियंत्रण कक्षात पोहोचतो. नियंत्रण कक्षात जबाबदारीने बसायचे तर लेखी, तोंडी आणि प्रत्यक्ष परीक्षा देऊन परवाना मिळवावा लागतो, आणि तो टिकवण्यासाठी ठरावीक काळाने पुन्हा परीक्षा द्याव्या लागतात.

एक उदाहरण जवळून पाहू. आपल्या बहुतेक अणुभट्ट्या जड पाण्याच्या (साध्या हायड्रोजनऐवजी जड हायड्रोजन असलेले पाणी वापरणाऱ्या) आहेत आणि त्यांत नैसर्गिक युरेनियम वापरतात. नैसर्गिक युरेनियममध्ये विखंडन होणारा भाग एक टक्क्याहूनही कमी असल्यामुळे इंधन लवकर उतरते. भट्टी वारंवार बंद ठेवणे परवडणारे नसते, म्हणून ती पूर्ण क्षमतेने चालू असतानाच इंधन बदलावे लागते. ७०० मेगावॉटच्या भट्टीत इंधन ठेवलेल्या ३९२ आडव्या नळ्या असतात. ठरलेल्या नळीच्या दोन्ही तोंडांना दोन फ्युएलिंग मशीन एकाच वेळी घट्ट जोडली जातात, उच्च दाबाखालचे तोंड उघडले जाते, एका बाजूने इंधनाची नवी बंडले आत सरकतात आणि दुसऱ्या बाजूने वापरलेली बाहेर येतात. त्या भागात तेव्हा माणूस नसतो. सगळे दूरनियंत्रणाने चालते. या एका क्रियेत मेकॅनिकलवाल्याला सील आणि हायड्रॉलिक्स, इन्स्ट्रुमेंटेशनवाल्याला स्थानमापन, संगणकवाल्याला इंटरलॉकचे (एक अट पूर्ण झाल्याशिवाय पुढची क्रिया होऊ न देणाऱ्या व्यवस्थेचे) तर्कशास्त्र आणि भौतिकशास्त्रज्ञाला कोणती नळी कधी निवडायची याचा हिशेब सांभाळावा लागतो. आपल्या शाखेला येथे काय काम असेल, असे विचारणाऱ्यांना मी हेच उदाहरण देतो.

७. मुलाखतीत काय विचारतात? एम.टेक. झालेल्यांना वेगळे प्रश्न असतात का?

बीएआरसीची मुलाखत दीर्घ आणि खोल असते. उमेदवाराला सहसा त्याचे आवडते विषय विचारले जातात आणि मग मुलाखत घेणारे मंडळ त्याच विषयात खाली खाली उतरत जाते. सूत्र पाठ असून भागत नाही. ते कोणत्या गृहीतकांवर उभे आहे आणि कोठे कोसळते हे सांगावे लागते. एम.टेक. झालेल्याकडून प्रबंधाबद्दल अधिक अपेक्षा असते. सॉफ्टवेअरने काढलेला रंगीत आलेख दाखवणाऱ्याला ‘हे उत्तर कागदावर, अंदाजाने काढून दाखवा’ असे सांगितले जाऊ शकते.

अणुभट्टीचे सखोल ज्ञान अपेक्षित नसले, तरी काही गोष्टी माहीत असाव्यात. उदाहरणार्थ, भट्टी बंद केली तरी उष्णता थांबत नाही. ७०० मेगावॉट विजेच्या भट्टीची औष्णिक शक्ती सुमारे २,१६० मेगावॉट असते, आणि बंद केल्याच्या क्षणी त्यातली सहा-सात टक्के, म्हणजे सव्वाशे ते दीडशे मेगावॉट उष्णता, किरणोत्सारी क्षयामुळे निर्माण होतच राहते. पुढे ती कमी होत जाते, पण थंडावा थांबवून चालत नाही. मार्च २०११ मध्ये फुकुशिमात भूकंप होताच भट्ट्या बंद झाल्या होत्या. घात झाला तो त्सुनामीने वीज गेल्यानंतर ही मागे उरलेली उष्णता काढून नेता न आल्यामुळे. ज्याला हे नीट समजले त्याला सुरक्षा प्रणालींची निम्मी रचना समजली, असे मानायला हरकत नाही.

८. मी एम.एस्सी. भौतिकशास्त्र केले आहे. अभियंता नसताना मार्ग आहे का?

आहे. ओसीईएसमध्ये भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्रासह विज्ञानाच्या पदव्युत्तरांना स्वतंत्र जागा असतात. दुसरा, फारसा माहीत नसलेला मार्ग म्हणजे बीएआरसीची एक वर्षाची रेडिऑलॉजिकल फिजिक्समधील पदविका. ती केल्यावर कर्करोग रुग्णालयांत वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ म्हणून काम करता येते आणि एईआरबीच्या अटी पूर्ण करून किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी होता येते. जिल्ह्याच्या ठिकाणी रेडिओथेरपीची केंद्रे वाढत असल्यामुळे या पदविकेला चांगली मागणी आहे.

९. किरणोत्सर्गाचा धोका किती? घरचे नको म्हणतात.

घरच्यांची शंका रास्त आहे आणि तिला आकड्यांनीच उत्तर द्यावे. एईआरबीच्या नियमानुसार कर्मचाऱ्याला पाच सलग वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (किरणोत्सर्गाची मात्रा मोजण्याचे एकक) आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट एवढीच मात्रा घेता येते. सर्वसामान्य नागरिकासाठी ही मर्यादा १ मिलिसिव्हर्ट आहे. तुलनेसाठी, निसर्गातूनच माणसाला जगभराच्या सरासरीने वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळत असतात.

प्रत्येक कर्मचाऱ्याच्या छातीवर टीएलडी बॅज असतो. त्यातल्या कॅल्शियम सल्फेटच्या लहान चकत्या किरणोत्सर्गाची ऊर्जा साठवतात. ठरावीक मुदतीने बॅज प्रयोगशाळेत नेऊन चकत्या तापवल्या की त्या प्रकाश टाकतात आणि त्या प्रकाशावरून मात्रा मोजली जाते. ही नोंद कर्मचाऱ्याच्या नावावर कायम राहते. त्याशिवाय किरणोत्सारी भागात जाताना लगेच वाचता येईल असे मापक दिले जाते, आणि बाहेर पडताना हात, पाय, कपडे तपासणाऱ्या यंत्रातून जावेच लागते. धोका शून्य आहे असे कोणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. पण रोज मोजला जाणारा धोका हा न मोजल्या जाणाऱ्या धोक्यापेक्षा आटोक्यात ठेवणे सोपे असते.

१०. मुलींसाठी हे क्षेत्र योग्य आहे का? गरोदरपणात काय होते?

निवडीत मुलगा-मुलगी असा भेद नाही आणि महिला वैज्ञानिक व अभियंत्या सर्व संस्थांत आहेत. गरोदरपणाची माहिती दिल्यावर गर्भाला उरलेल्या काळात १ मिलिसिव्हर्टपेक्षा अधिक मात्रा मिळणार नाही अशा कामावर बदली केली जाते. माहिती लवकर देणे हे स्वतःच्याच हिताचे असते. परदेशी किंवा भारतात या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या मुलींनी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या मेरी स्क्लोदोव्स्का-क्यूरी शिष्यवृत्तीचाही विचार करावा. ती २०२० पासून दिली जाते.

११. बंधपत्र असते का? मध्येच सोडता येते का?

असते. प्रशिक्षणानंतर साधारणतः तीन वर्षे सेवा करण्याचे बंधन असते आणि ते मोडल्यास ठरलेली रक्कम भरावी लागते. नोकरीत असताना परदेशप्रवासासाठी पूर्वपरवानगी लागते, आणि शोधनिबंध छापण्याआधीही मंजुरी घ्यावी लागते. ज्यांना दोन वर्षांनी परदेशात पीएच.डी. करायची आहे त्यांनी हे आधीच तोलून पाहावे.

१२. खासगी क्षेत्रात नोकऱ्या आहेत का? नव्या कायद्याने काय बदलले?

पूर्वीही होत्या, पण पुरवठादारांकडे. वालचंदनगर इंडस्ट्रीज, विक्रोळीचे गोदरेज, लार्सन अँड टुब्रो यांच्यासारख्या कंपन्या अनेक दशके अणुभट्ट्यांचे घटक बनवत आल्या आहेत आणि टाटा कन्सल्टिंग इंजिनिअर्स आराखड्यांची कामे करते. अशा ठिकाणी वेल्डिंग, एनडीटी (वस्तूला धक्का न लावता केलेली चाचणी) आणि गुणवत्ता दस्तऐवज यांत मुरलेल्या माणसाला जी किंमत असते ती अणुभौतिकीच्या पुस्तकी ज्ञानाला नसते.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ‘शांती’ कायदा संमत केला. १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि अणुअपघाताच्या भरपाईविषयीचा २०१० चा नागरी दायित्व कायदा यांच्या जागी तो आला आणि परवाना घेऊन वीजकेंद्रे उभारण्याची वाट खासगी कंपन्यांना मोकळी झाली. युरेनियमचे समृद्धीकरण, पुनर्प्रक्रिया यांसारखी कामे सरकारकडेच राहिली. २०४७ पर्यंत १०० गिगावॉटचे उद्दिष्ट आहे आणि आजची स्थापित क्षमता नऊ गिगावॉटच्याही आत आहे, त्यामुळे माणसे लागणार हे उघड आहे. मात्र कायदा झाला म्हणजे उद्या जाहिराती येतील असे नाही. जागेची निवड, परवाने, करार यांत वर्षे जातात. केवळ या आशेवर हातातली संधी सोडू नये.

१३. जैतापूरला भरती कधी निघणार?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या या प्रकल्पात प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या सहा फ्रेंच अणुभट्ट्या, म्हणजे एकूण ९,९०० मेगावॉट, नियोजित आहेत. भूसंपादन झाले असले तरी अणुभट्ट्यांचे बांधकाम सुरू झालेले नाही. शिवाय एनपीसीआयएलची अभियंता भरती देशपातळीवर होते. अमुक प्रकल्पासाठी म्हणून अर्ज करता येत नाही. महाराष्ट्रातच राहायचे असेल तर १९६९ पासून चालत आलेले तारापूर आहे, पण पहिली नेमणूक राजस्थानातल्या रावतभाटा किंवा कर्नाटकातल्या कैगा येथेही होऊ शकते.

१४. परदेशात एम.एस. केले तर तेथे नोकरी मिळेल का?

मिळते, पण इतर शाखांपेक्षा दारे कमी आहेत. अमेरिकेत नियामक आयोगासारख्या ठिकाणी नागरिकत्व लागते. त्याखेरीज अमेरिकी ऊर्जा विभागाचा ‘भाग ८१०’ हा निर्यातनियम आहे. त्यातल्या सर्वसाधारण परवानगीच्या यादीत भारत नसल्यामुळे भारतीय नागरिकाला काही तंत्रज्ञान हाताळू देण्यासाठी कंपनीला स्वतंत्र मंजुरी घ्यावी लागते, आणि पुष्कळ कंपन्या ती कटकट टाळतात. मार्च २०२५ मध्ये होल्टेक या कंपनीला तिचे तंत्रज्ञान भारतातल्या तीन कंपन्यांना देण्याची अशी मंजुरी मिळाली. त्यांपैकी होल्टेक एशिया पुण्याची आहे, ही नोंद घेण्यासारखी गोष्ट.

कॅनडाच्या अणुभट्ट्या आपल्याच जड पाण्याच्या कुळातल्या असल्यामुळे तेथे भारतीय शिक्षणाचा मेळ चांगला बसतो. सुरक्षा तपासणीला मात्र वेळ लागतो. फ्रान्समध्ये फ्रेंच भाषा जवळजवळ अपरिहार्य आहे. जर्मनीने आपल्या शेवटच्या तीन भट्ट्या एप्रिल २०२३ मध्ये बंद केल्या, तरी त्या मोडण्याचे काम पुढची कित्येक वर्षे चालणार आहे आणि त्यालाही अणुअभियंतेच लागतात.

१५. कोणते सॉफ्टवेअर शिकून ठेवावे?

न्यूट्रॉनच्या प्रवासाचे माँटे कार्लो गणित करणारे एमसीएनपी हे नाव सर्वांना ठाऊक असते, पण ते निर्यातनियंत्रित आहे आणि परवान्याविना मिळालेली प्रत वापरणे अंगाशी येऊ शकते. ओपनएमसी हे मुक्त सॉफ्टवेअर आहे; त्यावर एक इंधन-पिन, मग एक बंडल असे टप्प्याटप्प्याने उभे केले तरी पुष्कळ शिकायला मिळते. किरणोत्सर्ग आणि त्याच्या शोधकांच्या (डिटेक्टरच्या) कामासाठी जिआंट-४ उपयोगी आहे. पायथन सर्वत्र चालते.

१६. माझ्याकडे एसईबीसी किंवा एनटीचे प्रमाणपत्र आहे. ते चालेल का?

ही केंद्र सरकारची भरती असल्यामुळे केंद्राची यादी लागू होते. राज्याचा एसईबीसी प्रवर्ग तेथे नाही; असा उमेदवार अटी पूर्ण करत असेल तर ईडब्ल्यूएसमधून अर्ज करू शकतो, पण ईडब्ल्यूएसला वयात सवलत नसते. विमुक्त-भटक्या प्रवर्गातील ज्या जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत त्यांना ओबीसी म्हणून अर्ज करता येतो. प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातले आणि नॉन-क्रीमिलेअरचे हवे. राज्याच्या नमुन्यातले घेऊन आलेले उमेदवार कागदपत्र तपासणीत अडकतात. तहसील कार्यालयातून ते मिळायला लागणारा वेळ लक्षात घेऊन आधीच अर्ज करावा.

१७. मी परदेशात जन्मलो आणि माझ्याकडे ओसीआय कार्ड आहे. मला बीएआरसीत अर्ज करता येईल का?

नाही. भारतीय नागरिकत्व आवश्यक आहे.

१८. पीएच.डी. संपताना माझे वय तिशीपार झाले. आता काही उरले आहे का?

प्रश्न ४ मधील दारे बंद झाली असली तरी सर्व वाटा बंद होत नाहीत. बीएआरसीची डॉ. के. एस. कृष्णन संशोधन सहयोगवृत्ती पीएच.डी.धारकांना खुली आहे. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत आणि तेथील ‘इटर-इंडिया’त संलयनाशी (हलकी अणुकेंद्रके जोडून ऊर्जा मिळवण्याच्या तंत्राशी) संबंधित पदे अधूनमधून निघतात. पुरवठादार कंपन्यांत (प्रश्न १२) सरकारी धाटणीची वयोमर्यादा नसते. अणुअभियांत्रिकी शिकवणाऱ्या संस्थांना अध्यापकही हवेच असतात. अर्ज करताना प्रबंधाचे शीर्षक जसेच्या तसे न लिहिता त्यातून आपल्याला नेमके कोणते काम करता येते (उदाहरणार्थ, द्विप्रावस्था प्रवाहाचे प्रयोग, उच्च तापमानातील मिश्रधातूंची चाचणी, न्यूट्रॉन शोधकांची जुळणी) ते दोन वाक्यांत मांडावे. अर्ज वाचणारा बहुधा त्याच कामाचा माणूस असतो आणि त्याला तेवढेच हवे असते.